स्थाण्वीश्वराचा राजा : सम्राट हर्षवर्धनाचा उदय आणि अस्त

चंदीगड : चंदीगडच्या सेक्टर १० मधील सरकारी वस्तुसंग्रहालयात गांधार शैलीतील बुद्ध आणि बोधिसत्त्वांच्या मूर्तींचे मोठे दालन आहे. फाळणीनंतर, १९४८ मध्ये लाहोरच्या संग्रहाची वाटणी झाली आणि त्यातील सहाशेहून अधिक गांधार शिल्पे भारताच्या वाट्याला आली. ज्या विहारांमध्ये या मूर्तींची एकेकाळी पूजा होत असे, त्यांपैकी बहुतेक विहार सातव्या शतकातच ओस पडले होते. चिनी यात्रेकरू युआन श्वांग म्हणजेच ह्युएन त्संग याने हे भग्न विहार प्रत्यक्ष पाहिले आणि त्यांची नोंद करून ठेवली.

याच यात्रेकरूला पुढे ज्या सम्राटाचा उदार आश्रय लाभला, तो सम्राट मूळचा याच परिसरातला. चंदीगडच्या दक्षिणेस सुमारे १०० किलोमीटरवर, हरियाणातील कुरुक्षेत्राला लागून ठाणेसर हे गाव आहे. त्याचे प्राचीन नाव स्थाण्वीश्वर. इसवी सन ६०६ ते ६४७ या काळात उत्तर भारताच्या मोठ्या भागावर सत्ता गाजविणाऱ्या हर्षवर्धनाचे हे पितृनगर होय.

हिंदू आणि बौद्ध या दोन्ही परंपरांना सारख्याच उदारतेने दान देणारा राजा अशी हर्षाची ख्याती आहे. ही ख्याती निराधार नाही. मात्र राजाच्या औदार्यावर एखाद्या परंपरेचे आयुष्य किती काळ टिकू शकते, हा प्रश्नही त्याच्याच चरित्रातून उभा राहतो.

सूर्यभक्तांचे घराणे

गुप्त साम्राज्याचा सहाव्या शतकात ऱ्हास झाला. वायव्येकडून आलेल्या हूणांच्या स्वाऱ्यांनी पंजाब आणि माळव्यापर्यंतचा प्रदेश ढवळून निघाला होता. या धामधुमीत अनेक मांडलिक घराणी स्वतंत्र झाली. स्थाण्वीश्वराचे पुष्यभूती घराणे त्यांपैकीच एक. हर्षाचा पिता प्रभाकरवर्धन याने हूणांशी यशस्वी झुंज देऊन घराण्याला राजवैभव मिळवून दिले.

या घराण्याचा धर्म कोणता, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. हर्षाच्या ताम्रपटांत प्रभाकरवर्धनाचा उल्लेख सूर्याचा परमभक्त असा आहे. थोरला भाऊ राज्यवर्धन याला बुद्धाचा परमभक्त म्हटले आहे, तर स्वतः हर्ष आपल्याला शिवाचा परमभक्त म्हणवतो. एकाच घरात तीन उपासना नांदत होत्या आणि त्या काळाच्या दृष्टीने त्यात काही विशेष नव्हते.

हर्षाचा जन्म इसवी सन ५९० च्या सुमारास झाला. राज्यवर्धन त्याच्याहून काही वर्षांनी मोठा होता, तर बहीण राज्यश्री धाकटी होती. राज्यश्रीचा विवाह कनौजच्या मौखरी घराण्यातील ग्रहवर्मा या राजाशी झाला. पुढे हर्षाच्या आयुष्याला मिळालेली सर्व कलाटणी या एका विवाहसंबंधातून आली.

एका वर्षात कोसळलेले घर

हर्षाच्या तारुण्याची हकीकत त्याच्या दरबारातील कवी बाणभट्ट याच्या हर्षचरितात आली आहे. हा ग्रंथ म्हणजे काटेकोर इतिहास नव्हे, राजाच्या गौरवासाठी रचलेले ते गद्यकाव्य आहे. तथापि त्यातील मुख्य घटनांना ताम्रपटांचा आणि युआन श्वांगच्या वृत्तान्ताचा दुजोरा मिळतो.

बाणाच्या सांगण्यानुसार राज्यवर्धन हूणांवर चालून गेला असता हर्ष काही अंतर त्याच्यासोबत गेला आणि हिमालयाच्या पायथ्याच्या अरण्यात शिकारीसाठी थांबला. तेथेच त्याला पित्याच्या गंभीर आजाराची वार्ता मिळाली. तो घाईने परतला तेव्हा प्रभाकरवर्धन अखेरच्या घटका मोजत होता. पतीचा मृत्यू अटळ आहे हे ओळखून राणी यशोमतीने त्याच्या निधनापूर्वीच अग्निप्रवेश केला. काही काळातच राजाचेही निधन झाले.

युद्धातील जखमा घेऊन परतलेल्या राज्यवर्धनाला राज्य नको होते. संन्यास घेऊन राज्यभार हर्षावर सोपवावा, असा त्याचा विचार होता. तेवढ्यात कनौजहून बातमी आली. माळव्याच्या राजाने ग्रहवर्म्याला ठार केले होते आणि राज्यश्रीच्या पायांत बेड्या घालून तिला कारागृहात टाकले होते. राज्यवर्धन दहा हजार घोडेस्वार घेऊन निघाला. त्याने माळव्याच्या सैन्याचा सहज पराभव केला, परंतु गौड देशाचा म्हणजे बंगालचा राजा शशांक याच्या गोटात त्याचा अंत झाला. हा विश्वासघात होता, असे बाण आणि युआन श्वांग दोघेही सांगतात. दिलेला शब्द पाळताना शत्रूच्या घरी त्याने प्राण गमावले, असे बांसखेडा ताम्रपट म्हणतो.

आई, वडील, मेहुणा आणि भाऊ अशा चार जिवलगांचा मृत्यू हर्षाने अल्पावधीत पाहिला. राज्याची धुरा खांद्यावर आली तेव्हा तो अवघा सोळा वर्षांचा होता.

विंध्याच्या अरण्यातील आश्रम

नव्या राजाने पहिले काम हाती घेतले ते बहिणीच्या शोधाचे. राज्यश्री कैदेतून सुटून विंध्याच्या अरण्यात गेल्याचे कळले होते. वनवासी लोकांच्या मदतीने शोध घेत हर्ष दिवाकरमित्र नावाच्या बौद्ध भिक्षूच्या आश्रमात पोचला. हा भिक्षू ग्रहवर्म्याचा बालमित्र होता.

बाणाने या आश्रमाचे जे वर्णन केले आहे, ते भारतीय विचारांच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. तेथे बौद्ध होते, जैन होते, भागवत होते, कपिलाचे अनुयायी होते आणि ईश्वर व परलोक न मानणारे लोकायतही होते. प्रत्येकजण आपले मत मांडत होता, शंका विचारत होता आणि दुसऱ्याचे म्हणणे खोडून काढत होता. कवीच्या कल्पनेचा भाग वगळला, तरी असे स्थळ त्या काळच्या वाचकांना अशक्य वाटत नव्हते, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

राज्यश्री सापडली त्या वेळी ती चितेत प्रवेश करण्याच्या बेतात होती. तिला वाचविण्यात आले. तिने काषायवस्त्रे धारण करण्याची इच्छा व्यक्त केली. शत्रूंचे पारिपत्य करण्याची आपली प्रतिज्ञा पूर्ण होईपर्यंत तिने थांबावे, त्यानंतर आपण दोघेही संन्यास घेऊ, असे हर्षाने तिला सांगितले. या प्रसंगानंतर लवकरच हर्षचरित संपते. पुढे राजा चाळीस वर्षे सिंहासनावर राहिला. संन्यास मात्र त्याने घेतला नाही.

कनौजचे सिंहासन

मौखरी राजाला वारस नव्हता. कनौजच्या अमात्यांनी हर्षाला राज्य स्वीकारण्याची विनंती केली. युआन श्वांगच्या वृत्तान्तानुसार त्याने गंगातीरी बोधिसत्त्व अवलोकितेश्वराच्या मूर्तीपुढे कौल मागितला आणि सिंहासनावर न बसता शीलादित्य या नावाने कारभार पाहण्यास आरंभ केला. कालांतराने त्याने आपली राजधानी स्थाण्वीश्वराहून कनौजला हलविली.

या स्थलांतराचा परिणाम दूरगामी ठरला. गंगा-यमुनेच्या सुपीक खोऱ्यातील कनौज हे पुढील अनेक शतके उत्तर भारताच्या सत्तेचे केंद्र बनले. पाटलिपुत्राचे स्थान त्याने घेतले. ठाणेसर मात्र राजधानीचे तीर्थक्षेत्र झाले.

हर्षाने राज्याच्या आरंभी सलग सहा वर्षे लढाया केल्या, असे युआन श्वांग सांगतो. त्याच्या सैन्यात साठ हजार हत्ती असल्याचा आकडा अतिशयोक्त मानावा लागतो. तथापि पूर्व पंजाबपासून बंगालच्या सीमेपर्यंत त्याचा दरारा होता आणि कामरूपचा म्हणजे आसामचा राजा भास्करवर्मा त्याचा मित्र होता, याविषयी मतभेद नाहीत.

नर्मदेचा अडसर

हर्षाची दक्षिण मोहीम मात्र अयशस्वी ठरली. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने त्याला रोखले. इसवी सन ६३४-३५ च्या ऐहोळे येथील शिलालेखात कवी रविकीर्तीने या विजयाचे वर्णन करताना हर्षाचा हर्ष मावळला, अशा अर्थाची कोटी केली आहे. तीन महाराष्ट्रके आणि त्यांतील ९९ हजार गावे पुलकेशीच्या सत्तेखाली होती, असेही हाच लेख सांगतो.

ही लढाई ६३० नंतर झाली असावी, असे पूर्वी अनेक इतिहासकार मानत. तथापि इसवी सन ६१९ मधील एका ताम्रपटाचे वाचन पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी केले आणि २०१६ मध्ये ते प्रकाशात आले. त्यात पुलकेशीच्या हर्षावरील विजयाचा उल्लेख असल्याने ही लढाई ६१९ च्या वसंतापूर्वीच झाली, असे आता मानले जाते. म्हणजेच हर्षाच्या कारकिर्दीतील पुढची २८ वर्षे नर्मदा हीच त्याच्या महत्त्वाकांक्षेची सीमा राहिली.

युआन श्वांग ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रातही येऊन गेला. येथील लोक साधे, अभिमानी, उपकाराची जाण ठेवणारे आणि अपमान न विसरणारे असल्याची नोंद त्याने केली. महाराष्ट्रात त्या वेळी शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्षू होते, तसेच देवालयेही सुमारे शंभर होती.

राजा, कवी आणि दाता

हर्ष स्वतः लेखक होता. रत्नावली, प्रियदर्शिका आणि नागानंद ही तीन संस्कृत नाटके त्याच्या नावावर आहेत. पहिल्या दोन नाटकांच्या प्रारंभी शिव-पार्वतीचे स्मरण आहे. नागानंदाची नांदी बुद्धाला उद्देशून आहे आणि त्याचा नायक जीमूतवाहन हा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी स्वतःचा देह गरुडाला अर्पण करतो. शेवटी त्याला जीवदान मिळते ते गौरीच्या कृपेने. बौद्ध करुणा आणि देवीची भक्ती एकाच नाटकात सहज एकत्र येतात.

कारभारातही त्याचे लक्ष बारीक होते. इसवी सन ६३१ च्या मधुबन ताम्रपटात एका गावाची हकीकत आहे. खोट्या सनदेच्या आधारे एक ब्राह्मण ते गाव उपभोगत होता. हर्षाने ती सनद रद्द करून गाव दुसऱ्या दोन ब्राह्मणांना दिले. ६२८ च्या बांसखेडा ताम्रपटावर तर राजाच्या वळणदार अक्षरातील स्वाक्षरीच कोरलेली आहे.

बिहारमधील नालंदा महाविहाराला त्याने शंभर गावांचे उत्पन्न लावून दिल्याचे आणि तेथे पितळेने मढविलेला विहार बांधविल्याचे चिनी वृत्तान्तात नमूद आहे. नालंदाच्या उत्खननात त्याच्या मुद्राही सापडल्या आहेत.

ओस पडणारे विहार

परंतु याच काळात हर्षाच्या मूळ प्रदेशात काय घडत होते, याची नोंद त्याच यात्रेकरूने केली आहे. जालंधर परिसरात त्याला सुमारे ५० विहार आणि दोन हजार भिक्षू आढळले. मात्र सतलजकाठच्या शतद्रू देशात दहा विहार असूनही त्यांची दालने रिकामी होती आणि भिक्षू मोजकेच उरले होते. स्थाण्वीश्वरात तीन विहार व सुमारे ७०० भिक्षू होते, तर देवालयांची संख्या शंभराच्या घरात होती.

शतद्रू देशाची राजधानी म्हणजेच आजचे संघोल असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. चंदीगडच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवरील या गावात एका स्तूपाचे अवशेष आहेत. १९८५ मध्ये त्या स्तूपाजवळ मथुरेच्या लाल वालुकाश्मातील ११७ शिल्पे सापडली. कुशाणकाळातील या स्तूपाच्या वेदिकेचे स्तंभ, आडव्या पट्ट्या आणि माथ्याचे दगड वेगळे करून खड्ड्यात व्यवस्थित रचून ठेवण्यात आले होते.

उत्तरेतील सर्वांत दानशूर सम्राटाच्या पितृभूमीत विहार रिकामे होत होते, ही बाब लक्षणीय आहे. राजाचे दान कनौज, नालंदा आणि प्रयाग या मोठ्या केंद्रांकडे जात होते. विहार हे व्यापारी, श्रेणी आणि नगरांच्या आश्रयावर वाढले होते. गुप्तकाळानंतर उत्तरेतील अनेक जुनी नगरे खालावत गेली आणि हा पाया खचला. याउलट गावोगावी दान मिळालेल्या जमिनींवर वसलेली ब्राह्मण कुटुंबे आणि देवालये शेतीशी आणि गृहस्थांच्या नित्य संस्कारांशी जोडलेली होती.

कनौजची सभा

इसवी सन ६४३ मध्ये हर्षाने युआन श्वांगच्या सन्मानार्थ कनौजला मोठी धर्मसभा भरविली. अठरा-वीस मांडलिक राजे, तीन हजार बौद्ध भिक्षू, तीन हजार ब्राह्मण व जैन आणि नालंदाचे एक हजार भिक्षू त्या सभेस उपस्थित होते, असे चिनी वृत्तान्त सांगतो. बुद्धाच्या सुवर्णमूर्तीची मिरवणूक निघाली. युआन श्वांगने महायान पंथाचा पक्ष मांडला आणि प्रतिवादाचे आव्हान दिले.

अठरा दिवसांत कोणीही प्रतिवाद केला नाही. याचे कारणही त्याच्या चरित्रात दिलेले आहे. यात्रेकरूला इजा करणाऱ्याचा शिरच्छेद आणि त्याची निंदा करणाऱ्याचा जिव्हाच्छेद करण्यात येईल, अशी राजाज्ञा निघाली होती. विंध्याच्या आश्रमात ज्या तरुण राजाने सर्व मतांचा मोकळा वाद ऐकला होता, त्याच्याच सभेत उतारवयात वादाला जागा उरली नव्हती.

याचे पडसाद लगेच उमटले. सभेसाठी उभारलेल्या मनोऱ्याला आग लागली आणि हर्षावर शस्त्राने हल्ल्याचा प्रयत्न झाला. या कटाबद्दल पाचशे ब्राह्मणांना हद्दपार करण्यात आले, असे युआन श्वांग लिहितो. तो स्वतः एका पक्षाचा असल्याने त्याचे कथन सावधपणे वाचावे लागते. तरीही राजाश्रयासाठी दोन परंपरांमध्ये तणाव निर्माण झाला होता, हे त्यातून स्पष्ट होते.

त्यानंतर प्रयागला गंगा-यमुनेच्या संगमावर दर पाच वर्षांनी होणारा दानसोहळा पार पडला. हा हर्षाच्या कारकिर्दीतील सहावा सोहळा ७५ दिवस चालला. पहिल्या दिवशी बुद्धाची, दुसऱ्या दिवशी सूर्याची आणि तिसऱ्या दिवशी शिवाची पूजा झाली. पित्याचा देव, भावाचा बुद्ध आणि स्वतःचा शिव अशा तिन्ही उपासनांचा मान त्यात राखला गेला होता. पुढे भिक्षू, ब्राह्मण, जैन, निराधार आणि अनाथ यांना पाच वर्षांचा साठलेला खजिना वाटण्यात आला. अंगावरील अलंकारही दिल्यावर राजाने राज्यश्रीकडून एक जुने वस्त्र मागून घेतले आणि ते नेसून बुद्धांची पूजा केली.

वारसाविना साम्राज्य

युआन श्वांग ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन चीनला परतला. ६४१ पासून हर्ष आणि तांग सम्राट यांच्यात दूतांची देवाणघेवाण सुरू झाली होती. वांग श्वानत्से हा चिनी दूत पुन्हा भारतात पोचला तेव्हा हर्ष हयात नव्हता. ६४७ मध्ये त्याचे निधन झाले होते.

त्याच्यामागे वारस नव्हता. चिनी नोंदींत अर्जुन किंवा अरुणाश्व या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका मंत्र्याने सत्ता बळकावली आणि चिनी दूतपथकावर हल्ला केला. वांग श्वानत्सेने नेपाळ आणि तिबेटकडून सैन्य आणून त्याचा पराभव केला व त्याला कैद करून चीनला नेले. चार दशके उभे असलेले साम्राज्य अशा रीतीने अल्पावधीत विस्कटले. दक्षिणेत पुलकेशीचाही शेवट याआधीच, ६४२ मध्ये, पल्लवांनी बदामी घेतली तेव्हा झाला होता.

त्यानंतर कनौजसाठी प्रतिहार, पाल आणि राष्ट्रकूट यांच्यात दीर्घ संघर्ष झाला. जी नर्मदा हर्षाला ओलांडता आली नव्हती, ती उत्तरेकडे ओलांडून राष्ट्रकूट सैन्ये दहाव्या शतकाच्या आरंभी कनौजपर्यंत पोचली. अकराव्या शतकाच्या प्रारंभी गझनीच्या महमूदाने ठाणेसर आणि कनौज ही दोन्ही नगरे लुटली.

नालंदा महाविहार पाल राजांच्या आश्रयाने बाराव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकला. तो आश्रय संपल्यावर आणि आक्रमणांचा आघात झाल्यावर तेथील परंपरा पुन्हा उभी राहू शकली नाही. ठाणेसरची सूर्यग्रहणाची यात्रा मात्र कोणत्याही राजाच्या सनदेवाचून आजही भरते.

हर्षाच्या कारकिर्दीला अनेकदा प्राचीन भारताचे अखेरचे वैभव म्हटले जाते. त्याचे औदार्य खरे होते आणि धर्माधर्मांत सलोखा राखण्याचा त्याचा प्रयत्नही खरा होता. उणीव होती ती व्यवस्थेची. दान राजाच्या हातून होत होते आणि सलोखाही राजाच्या इच्छेवर अवलंबून होता. तो हात थांबला तेव्हा त्याची जागा घेणारे काही उरले नाही.

ठाणेसरला शेख चिल्लीच्या मकबऱ्यालगत आज एक विस्तीर्ण टेकाड आहे. लोक त्याला हर्ष का टीला म्हणतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या उत्खननात तेथे कुशाणकाळापासून मोगलकाळापर्यंतच्या वस्तीचे थर उघड झाले आहेत. हर्षाचा काळ हा त्यांतील केवळ एक थर आहे.